किडनीच्या कॅन्सरची औषधं: काम कशी करतात आणि त्रास का देतात

रसायनी

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं, "किडनीचा कॅन्सर आहे, केमो कधी सुरू होईल?" आणि खाली गाडी थेट केस गळण्यावर घसरली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी कॅन्सर विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. कुणाच्या रिपोर्टवर मत देणार नाही. औषध शरीरात जाऊन काय करतं, एवढंच सांगेन.

पहिली गोष्ट म्हणजे, प्रौढांच्या किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरवर पारंपरिक केमो जवळजवळ चालतच नाही. हा कॅन्सर किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींमधून उगवतो, आणि नको ती रसायनं बाहेर फेकणं हे या पेशींचं मूळ कामच. त्यांच्या पृष्ठभागावर तसे पंपच असतात. कॅन्सर झाला तरी पंप शाबूत राहतात आणि केमोचं औषध आत टिकू देत नाहीत. केमो न चालण्यामागचं हे एक मोठं कारण.

मग इलाज कुठून सापडला? या कॅन्सरच्या साधारण तीन चतुर्थांश रुग्णांमध्ये 'क्लिअर सेल' प्रकार असतो, आणि त्यातल्या बहुतेकांत व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. निरोगी पेशीत हिफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होतं आणि प्राणवायू पुरेसा असेल तर व्हीएचएल त्याची लगेच विल्हेवाट लावतं. प्राणवायू कमी पडला की हिफ साचतं आणि 'रक्तवाहिन्या वाढवा, तांबड्या पेशी वाढवा, साखर जास्त ओढा' असे हुकूम सोडतं. व्हीएचएलच नसेल तर हिफ कायमच साचलेलं. आग नसताना भोंगा वाजत राहावा तसा प्रकार. पेशीला प्राणवायू भरपूर मिळत असतो, तरी ती गुदमरल्यासारखी वागते. म्हणून या गाठी रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या असतात. पेशी प्राणवायूची पातळी कशी ओळखते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्यात व्हीएचएलचा मोठा वाटा होता.

हिफ ज्या संदेशाने रक्तवाहिन्या बोलावतं त्याचं नाव व्हीईजीएफ. तो संदेश झेलणारा रिसेप्टर बंद पाडणाऱ्या गोळ्या म्हणजे टीकेआय. सोराफेनिब २००५ च्या शेवटी अमेरिकेत मंजूर झाली, सुनिटिनिब २००६ च्या सुरुवातीला. मग पाझोपानिब, अ‍ॅक्सिटिनिब, काबोझँटिनिब, लेनव्हाटिनिब, टिव्होझानिब. सगळ्यांच्या नावात शेवटी 'निब' आहे, त्यामुळे एक ओळखली की बाकीच्यांची भावकी लक्षात येते.

आता मुद्द्याचं. व्हीईजीएफ हा काही कॅन्सरचा खासगी संदेश नाही. निरोगी शरीरही तो रोज वापरतं. रक्तवाहिनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवून सैल राहायला तो सांगतो. तो बंद झाला की वाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. किडनीच्या गाळणीतल्या पेशी त्याच्यावर अवलंबून असतात, म्हणून लघवीतून प्रथिनं जायला लागतात. थायरॉइडभोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं, ते विरळ होतं आणि थायरॉइड मंदावतो. जखम भरायला नवीन वाहिन्या लागतात, त्या येत नाहीत. म्हणजे हे त्रास कुठूनतरी उपटलेले नाहीत. गाठीत जे काम औषधाकडून हवं असतं, तेच ते इतरत्रही करतं.

पुढच्या प्रतिसादात इम्युनोथेरपीबद्दल लिहिते. तोवर प्रश्न असतील तर टाका.

वाटसरू

वाचनखूण साठवली. वडील पाझोपानिबवर आहेत. बीपी आयुष्यात कधी नव्हतं, आता १६० च्या आसपास. डॉक्टर म्हणाले, 'याचा अर्थ औषध लागू पडतंय, पण गोळी सुरू करू.' हे नुसतं समाधानासाठी म्हणतात की खरंच काही संबंध आहे? शिवाय भुवया पांढऱ्या झाल्यात. आई म्हणते काळजीने झाल्या.

रसायनी

@वाटसरू, संबंध आहे. अशा गोळ्यांवर ज्यांचं बीपी वाढतं, त्यांच्यात औषधाचा परिणाम सरासरीने चांगला दिसतो, असं सुनिटिनिब आणि अ‍ॅक्सिटिनिबच्या अभ्यासांत आढळलंय. पण सरासरीने! बीपी वाढलं नाही म्हणून औषध फुकट गेलं असं समजू नये आणि वाढलं म्हणून तसंच चढू देऊ नये. बीपीची गोळी घेतल्याने कॅन्सरच्या गोळीचं काम कमी होत नाही. घरी यंत्र ठेवा, रोज ठरावीक वेळी मोजा, वहीत लिहा. डॉक्टरांना ती वही दोन मिनिटांत जे सांगते ते रुग्ण अर्ध्या तासात सांगू शकत नाही.

एक खबरदारी. बीपीच्या सगळ्या गोळ्या इथे सारख्या नाहीत. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यकृतातलं जे एन्झाइम मंदावतात, त्याच एन्झाइमने या 'निब' गोळ्या मोडतात. मग औषधाची रक्तातली पातळी नकळत वाढते. वडिलांचं बीपी दुसरेच डॉक्टर बघत असतील तर त्यांना 'निब'चं नाव सांगाच.

भुवयांबद्दल आईंना सांगा, काळजीचा दोष नाही. पाझोपानिब आणि सुनिटिनिब सी-किट नावाचा आणखी एक रिसेप्टर अडवतात आणि केसाला रंग देणाऱ्या पेशींना तो लागतो. सुनिटिनिब चार आठवडे घेऊन दोन आठवडे बंद ठेवण्याची पद्धत आहे. अशा काही रुग्णांच्या केसांवर आलटूनपालटून पांढरे-काळे पट्टे उमटतात. गोळी घेतली तो काळ पांढरा, सुट्टीचा काळा. औषधाचं वेळापत्रक केसांवर वाचता येतं! धोका काही नाही, बंद केल्यावर रंग परत येतो. सुनिटिनिबने कातडीही पिवळसर दिसू शकते. ते औषधच पिवळं आहे, म्हणून ती दरवेळी कावीळ नसते. पण ठरवायचं रक्ताच्या तपासणीने, अंदाजाने नाही.

पाझोपानिबची खरी नजर ठेवायची जागा म्हणजे यकृत. सुरुवातीच्या काही महिन्यांत लिव्हरची तपासणी वारंवार सांगतात, ती चुकवू नका. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची: जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. जेवणासोबत घेतली तर औषध जवळपास दुप्पट शोषलं जातं. फोडून किंवा कुटूनही घ्यायची नाही.

शंकेखोर

लेख छान, पण मला एक खटकतं. बीपी, थायरॉइड, लघवीतून प्रथिनं, तळपायाला फोड... आणि एवढं सोसून डॉक्टर मध्येच डोस कमी करतात. कमी डोस म्हणजे कमी परिणाम ना? मग पूर्ण डोसचा हट्ट तरी का, नाहीतर मुळात घ्यायचंच कशाला?

रसायनी

@शंकेखोर, नावाला जागलात. प्रश्न रास्त आहे आणि रुग्ण हाच विचार करून त्रास लपवतात, म्हणून जरा लांबण लावते.

छापील डोस हा सुरुवात करायचा डोस. एकच गोळी दोघांनी घेतली तरी रक्तातली पातळी फार वेगवेगळी असू शकते. कुणाचं यकृत झपाट्याने मोडतं, कुणाचं सावकाश. ज्याला ६० मिलिग्रॅम काबोझँटिनिबने अंथरूण धरावं लागतं त्याच्या रक्तात ४० नेही पुरेसं औषध असू शकतं. काबोझँटिनिबला मान्यता ज्या मोठ्या चाचणीवर मिळाली, तिच्यात साधारण ६० टक्के रुग्णांचा डोस कमी करावा लागला होता. तरीही ते औषध एव्हरोलिमस या कॅन्सरच्या दुसऱ्या गोळीपेक्षा सरस ठरलं. डोस कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे. उलट अ‍ॅक्सिटिनिबमध्ये त्रासच झाला नाही, बीपीही वाढलं नाही, तर ५ वरून ७ आणि १० मिलिग्रॅमपर्यंत चढवायची सोय आहे.

बिघडतं कुठे? रुग्ण डॉक्टरांना सांगत नाही आणि स्वतःच एक दिवसाआड गोळी घेतो. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली की डॉक्टर समजतात औषध हरलं आणि एक चांगलं औषध यादीतून कायमचं बाद होतं.

जीवनमानाचा प्रश्नही कुणी हवेत सोडलेला नाही. एका चाचणीत त्याच रुग्णांना पाझोपानिब आणि सुनिटिनिब आळीपाळीने दिलं, कुठलं कधी हे त्यांना न सांगता. शेवटी विचारलं, पुढे कुठलं घ्याल? ७० टक्क्यांनी पाझोपानिब निवडलं, २२ टक्क्यांनी सुनिटिनिब. परिणामाच्या बाबतीत दोन्ही तोडीस तोड असल्याचं वेगळ्या चाचणीत दिसलं होतंच. फरक होता थकव्याचा, तोंडाच्या चवीचा, तळहात-तळपायांच्या दुखण्याचा.

सिस्टर

कॅन्सरच्या डे केअर वॉर्डात नर्स आहे, म्हणून हात-पायांबद्दल माझे चार शब्द.

हे फोड जिथे दाब पडतो तिथे येतात: टाच, चवडा, बोटांची पेरं. आधी जळजळ, मग जाड पिवळट घट्टा आणि त्याच्याभोवती लाल कडा. बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतं. म्हणून गोळी सुरू करायच्या आधीच जुने घट्टे काढून घ्यावेत, युरिया असलेलं मलम पहिल्या दिवसापासून लावावं, मऊ तळव्याची सैल पादत्राणं वापरावीत, गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये. चालताना दुखायला लागलं की त्याच दिवशी फोन करा. दोन-चार दिवस गोळी थांबवली तर बरं होतं, ताणून धरलं तर पायच टेकवत नाही.

तोंड आलं असेल तर अल्कोहोल असलेला माउथवॉश बंद. मऊ ब्रश. एव्हरोलिमसवाल्यांना तोंडाचे छाले जास्तच येतात. त्यांना आम्ही स्टेरॉइडच्या द्रावणाने चूळ भरायला आधीपासून सांगतो.

पिंपळपान

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. इम्युनोथेरपीवर लवकर लिहा. आमच्याकडे दोन इंजेक्शनांची जोडी सुचवली आहे आणि 'प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध' एवढंच कळलंय.

रसायनी

@पिंपळपान, 'वाढवणारं' म्हटलं की टॉनिकसारखं वाटतं आणि घोटाळा होतो. ही औषधं प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढतात.

या कॅन्सरचं आणि प्रतिकारशक्तीचं नातं जुनं आहे. क्वचित कधी किडनी काढल्यावर फुप्फुसातल्या गाठी आपोआप विरल्याच्या नोंदी आहेत. त्यावरूनच इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन-२ ही प्रतिकारशक्ती चेतवणारी प्रथिनं वापरून पाहिली गेली. मोठ्या डोसमधलं इंटरल्युकिन-२ अमेरिकेत १९९२ साली मंजूर झालं. मोजक्या रुग्णांचा आजार त्याने पूर्ण गेला आणि वर्षानुवर्षं परतला नाही. पण केशवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी इतकं कोसळायचं की धडधाकट रुग्णालाच, तेही कडक देखरेखीखाली, ते देता यायचं.

आताची औषधं नेमकी आहेत. टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) पीडी-१ आणि सीटीएलए-४ असे दोन ब्रेक असतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब पहिला काढतात, इपिलिमुमॅब दुसरा. या ब्रेक्सच्या संशोधनासाठी अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निव्होलुमॅब-इपिलिमुमॅबची जोडी मध्यम आणि जास्त जोखमीच्या रुग्णांत सुनिटिनिबसमोर उभी केली तेव्हा ४२ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, सुनिटिनिबवर २७ टक्क्यांच्या. गाठ पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण ९ टक्के विरुद्ध १ टक्का. दुसरा रस्ता म्हणजे एक इंजेक्शन आणि एक 'निब' गोळी: पेम्ब्रोलिझुमॅबसोबत अ‍ॅक्सिटिनिब किंवा लेनव्हाटिनिब, निव्होलुमॅबसोबत काबोझँटिनिब. गोळी असली की गाठ लवकर आकसण्याची शक्यता जास्त. दोन इंजेक्शनांत तो आकडा कमी, पण ज्यांना लागू पडतं त्यांच्यात परिणाम फार काळ टिकताना दिसतो. कुणाला काय, हे हिमोग्लोबिन, कॅल्शियम, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, निदान ते उपचार यातलं अंतर आणि रुग्ण कितपत हिंडता-फिरता आहे यावरून जोखीम मोजून ठरतं.

ब्रेक काढले की गाडी भलतीकडेही जाते. आतडं, यकृत, फुप्फुस, त्वचा, थायरॉइड, पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली हॉर्मोनची ग्रंथी), क्वचित हृदयाचा स्नायू... टी-पेशी कुठेही हल्ला करू शकतात. 'निब'चे त्रास गोळी थांबवली की उतरतात. इथे तसं नाही. इंजेक्शन थांबवूनही हल्ला चालू राहतो, कधी तर शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनी सुरू होतो. तो शमवायला स्टेरॉइड लागतं, बऱ्याचदा चांगल्या मोठ्या डोसमध्ये, आणि मग महिनाभर किंवा जास्त काळ हळूहळू उतरवत आणावं लागतं. बरं वाटलं म्हणून एकदम बंद केलं तर हल्ला उलटतो.

नलू_मावशी

मी स्वतः रुग्ण आहे बाळांनो, या जोडीवरचीच. तिसऱ्या इंजेक्शननंतर डोकं ठणकायला लागलं आणि अंगात त्राणच उरलं नाही. अंथरुणातून उठून बसले तरी दम लागायचा. घरचे म्हणाले, वय झालं, आजार मोठा, थकवा येणारच. मीही तसंच धरून चालले. शेवटी नेहमीच्या तपासणीत सोडियम कमी आलं, मग कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण पेलायला लागणारं हॉर्मोन, पाहिलं तर तळाला गेलेलं. पिट्युटरीला सूज होती. ते भरून काढणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी होते.

ती गोळी आता जन्माची. ताप आला किंवा ऑपरेशन असलं की डोस वाढवायचा, उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर थेट इमर्जन्सी. पर्समध्ये तसं कार्ड ठेवते. पण गाठी आकसल्यात आणि चौथं इंजेक्शनही पुढे घेतलं. तेव्हा घाबरू नका, फक्त थकव्याला 'असंच असतं' म्हणू नका.

रसायनी

मावशी, हा प्रतिसाद माझ्या लेखाच्या वर चिकटवायला हवा. पुस्ती एवढीच, की हॉर्मोनच्या ग्रंथी एकदा जळाल्या की बहुधा परत येत नाहीत. आतडं, यकृत, त्वचा बरी होते. हॉर्मोन मात्र गोळीतून भरून काढता येतं, म्हणून त्यासाठी कॅन्सरचा उपचार कायमचा सोडावा लागत नाही. थकवा आला तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सकाळचं कॉर्टिसॉल पाहिलंय का, हे विचारायचा रुग्णाला हक्क आहे.

सिस्टर

मावशींना +१००.

यावरून जुलाबांचं सांगते, कारण रात्री येणारे सर्वात अवघड फोन तेच. रुग्ण गोळी आणि इंजेक्शन दोन्हींवर आहे आणि जुलाब होताहेत. गोळीचे की इंजेक्शनचे? गोळीने आतडं नुसतं चाळवतं, इंजेक्शनने आतड्यालाच सूज येते. दिसायला दोन्ही सारखेच. आम्ही विचारतो, नेहमीपेक्षा किती वेळा जास्त? रक्त, आव, पोटात कळ, ताप? रात्री झोपेतून उठावं लागतं का? चार किंवा जास्त वेळा वाढले असतील तर त्याच दिवशी कळवायचं, सात वेळा किंवा जास्त असतील तर दाखल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात जुलाब थांबवणारं लोपेरामाइड आहे म्हणून आम्हाला न विचारता घेत बसू नका. जुलाब थांबल्यासारखे वाटतात, आत सूज वाढत राहते.

रसायनी

इथे औषधाचा शरीरातला मुक्काम कामाला येतो. अ‍ॅक्सिटिनिब काही तासांतच निम्मं होतं, म्हणून ते दिवसातून दोनदा घेतात. ते थांबवून दोन-तीन दिवसांत जुलाब ओसरले तर दोष बहुधा गोळीचा. न ओसरले तर इंजेक्शनवर संशय घेऊन स्टेरॉइडचा विचार. काबोझँटिनिब निम्मं व्हायलाच चार दिवस लागतात, त्यामुळे ही युक्ती तिथे इतक्या झटपट उत्तर देत नाही.

शंकेखोर

मूळ भोंगा हिफचा आहे म्हणता. मग रक्तवाहिन्यांच्या मागे लागण्यापेक्षा हिफलाच का नाही धरत?

रसायनी

धरलंय! बरीच वर्षं हिफसारख्या प्रथिनाला औषध चिकटेल अशी जागाच नाही, असं मानलं जायचं. मग हिफ-२ अल्फा या हिफच्या एका प्रकाराच्या आत एक पोकळी सापडली आणि तिच्यात बसेल असा रेणू घडवला गेला. त्यातूनच पुढे बेल्झुटिफान आलं. २०२१ मध्ये ते अमेरिकेत व्हीएचएलच्या आनुवंशिक आजारासाठी मंजूर झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये, इम्युनोथेरपी व 'निब' दोन्ही वापरून झालेल्या पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी.

याच्या त्रासांवरून यंत्रणा अगदी उघडी दिसते. हिफ-२ तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन बनवायला सांगतं, ते थांबलं की रक्त कमी होतं. त्यामुळे या गोळीवर अ‍ॅनिमिया अगदी नेहमीचा. काहींचा प्राणवायूही खाली येतो, म्हणून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर हवं. बीपी आणि तळपायांचा त्रास मात्र 'निब'सारखा नाही. गर्भाला घातक आहे आणि काही हॉर्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या त्याच्यामुळे निकामी होतात, तेव्हा तरुण रुग्णांनी हे आधीच बोलून घ्यावं.

पिंपळपान

गोळ्यांसोबत वनौषधींचे अर्क घेतले तर चालतं का? नातेवाईक पिच्छा सोडत नाहीत.

रसायनी

नातेवाईकांना माझं नाव सांगा आणि नाही म्हणा. या गोळ्या यकृतातल्या एकाच एन्झाइमच्या भरवशावर असतात. सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती किंवा क्षयाचं रिफाम्पिसिन ते एन्झाइम इतकं चेतवतं की औषध उडूनच जातं. ग्रेपफ्रूटचा रस उलट त्याला अडवतो आणि औषध साचतं. अर्काच्या बाटलीत नेमकं काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि लिव्हर बिघडलं की दोष चांगल्या औषधाच्या माथी जातो. पाझोपानिबवाल्यांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्याही विचारूनच घ्याव्यात, त्याने शोषण कमी होतं.

वाटसरू

शेवटचा प्रश्न. वडिलांची दाढ दुखतेय, दंतवैद्य म्हणाले काढून टाकू, परवाची वेळ दिलीय. हरकत नाही ना?

रसायनी

थांबा. परवा नको. जखम भरणं या गोळीने मंदावतं, त्यामुळे ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी पाझोपानिब किमान आठवडाभर बंद ठेवायला सांगतात, काबोझँटिनिब किमान तीन आठवडे. दाढेसाठी नेमकं किती थांबायचं ते कॅन्सरचे डॉक्टर सांगतील. गोळी तुम्ही स्वतःहून बंद करू नका. तोवर दंतवैद्य वेदना आणि जंतुसंसर्गावर औषध देऊ शकतात. आणि मला सांगा, वडिलांना हाडांसाठी काही इंजेक्शन चालू आहे का? झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब?

वाटसरू

हो, दर महिन्याला एक असतं. कंबरेच्या हाडात गाठ आहे म्हणून. नाव बघून सांगतो... डेनोसुमॅब.

रसायनी

मग हे दंतवैद्यांना आजच फोनवर सांगा. त्या इंजेक्शनवर दात काढला की जबड्याचं हाड उघडं पडून ते न भरण्याचा धोका असतो, आणि 'निब' सोबत असली की तो वाढतो. कदाचित दाढ न काढता रूट कॅनालने भागेल. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या, आणि काय ठरलं ते इथे कळवा.